परस्पर गेलेला आहेर

प्रिय गोदू,

पत्र बघून दचकली असशील. घरात सगळे धडधाकट आहेत हे आधीच सांगते, म्हणजे घाईघाईत चष्म्यासाठी घर पालथं घालायला नको. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून. मी ‘हॅलो’ म्हणेपर्यंत तू पुण्यातल्या खड्ड्यांपासून तुझ्या सलिलच्या न ठरणाऱ्या लग्नापर्यंत पोचलेली असतेस. आणि आज मला जे सांगायचंय ते तू मध्येच तोडलंस तर माझ्याने ते पुन्हा जोडवणार नाही. तेव्हा चहा कर, निवांत बस आणि सगळं वाचून झाल्याशिवाय फोनला हात लावू नकोस. इतक्या वर्षांत नणंदेवर एखादा हुकूम चालवायचा हक्क वहिनीला असतोच की नाही?

इकडे दिवाळी बरी गेली. काशीदला म्हणे गाड्यांची रांग पार चौकापर्यंत लागली होती, त्यातल्या चार रस्ता चुकून आपल्या वाडीत शिरल्या. तुझ्या दादाने त्यांना रस्ता सांगितला, पण आधी ‘पाटी वाचता येत नाही का’ हेही सुनावलं. वादळानंतर लावलेल्या पोफळींना यंदा पहिल्यांदाच सुपारी धरली. अंगणात वाळत घातली आहे, आणि तुझा दादा कावळे हाकायच्या निमित्ताने दिवसभर तिच्याकडे बघत बसतो. ती सुपारी बघितली की मला दरवेळी तू आठवतेस. टाळेबंदीच्या त्या जूनमध्ये, वादळाने अर्धी वाडी आडवी केल्यावर, घरावर कौल राहिलं नव्हतं, दिवे नव्हते, मोबाईलचा टॉवर उलथून पडला होता. आणि तू कुठून कुठून परवाने काढून, कोणाच्या तरी टेम्पोत बसून आलीस. तोंडाला तो फडका बांधलेला, आणि हातात बिस्किटाचे पुडे. मी तुला दारात बघितलं आणि रडायलाच लागले. तू म्हणालीस, वहिनी, रडायचं नंतर, आधी ताडपत्री कुठे मिळेल ते बोल. अगं, तेव्हा तुझे आभार मानायचे राहिलेच. घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात असं आपल्याकडे म्हणतात, आणि मग ते कधीच मानले जात नाहीत.

तर त्या दिवसांत तू काय काय केलंस ते आठव. ताडपत्र्या, सौरदिवे, पत्रे, सगळं तू पुण्याला परत गेल्यावर तिथून मागवलंस. तुझ्या दादाच्या कार्डाचे आकडे मी तुला वाचून दाखवले होते आणि तू ते तुझ्या फोनात भरून ठेवले होतेस. इथे रेंज नाही, बँकेचे निरोप येणार कसे, म्हणून बँकेतही तुझाच नंबर दिला होता. पुढे टॉवर उभा राहिला, कौलं चढली, आणि तो नंबर बदलायचं आम्ही सगळेच विसरून गेलो. हे नीट लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं रामायण याच्यावर उभं आहे.

परवा आम्ही मुरूडला हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. दर नोव्हेंबरात तुझा दादा इस्त्रीचा सदरा घालून, आपण जिवंत आहोत हे सरकारला दाखवून येतो. बँकेतलं पासबुक छापायचं यंत्र गेलं वर्ष-दीड वर्ष आजारीच आहे, आणि तुझ्या दादाला मोबाईलवर खातं बघणं म्हणजे चारचौघांत सदरा काढण्यासारखं वाटतं. त्यामुळे इतके दिवस त्याने खात्याचं तोंड पाहिलं नव्हतं. यंदा मात्र पेन्शनच्या फरकाचा त्याने घरी मांडलेला हिशेब आणि बँकेतली शिल्लक जुळेना. झालं! टेबलावरच्या मुलीकडून सगळा उतारा छापून घेतला आणि तिथेच बाकड्यावर बसून पेन्सिलीने एकेक ओळ तपासायला लागला. मी आपली पंख्याखाली बसून होते. एकदम त्याचा आवाज चढला. सुचिता, हे काय आहे? मी बघितलं तर ओळीमागून ओळी. इंग्रजी नावं, तीही अर्धी तोडलेली, आणि पुढे गिफ्ट कार्ड, गिफ्ट कार्ड, गिफ्ट कार्ड. आम्ही जन्मात कधी न घेतलेली.

रोज पेपरात वाचतो ना आपण, अमक्याला फोन आला आणि खातं साफ झालं. तुझा दादा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच कोणाला तरी आकडे सांगून बसले. टेबलावरची मुलगी, पूनम नाव तिचं, फार गुणाची. तिने आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. काकू, हे म्हणजे आहेराचं पाकीटच, फक्त कागदाचं नाही. इथून पैसे भरायचे, मग ज्याला द्यायचंय त्याच्या मोबाईलवर एक आकडा जातो. तो आकडा दाखवून त्याने त्या दुकानातून हवं ते घ्यायचं. मग आवाज खाली आणून म्हणाली, चोरांनाही हे फार आवडतं, कारण एकदा आकडा वापरला की पैसे परत मिळवणं कठीण. एवढं तिने म्हणायचा अवकाश, तुझ्या दादाने डोक्यात राख घातली. कार्ड बंद करा, तक्रार लिहून घ्या, पोलिसांत जातो, सायबर का फायबर काय असेल तिथे जातो, तो चोर कोण आहे ते मला बघायचंच आहे! अख्खी बँक आमच्याकडे बघत होती. तक्रारीला आधारची झेरॉक्स लागेल असं पूनम म्हणाली, तसा तो तरातरा समोरच्या दुकानात गेला. आणि देवाची कृपा बघ, त्या दुकानात भली मोठी रांग होती.

तो गेल्यावर पूनमने मला विचारलं, काकू, पैसे जाताना ओटीपी येतो, तो कोणी विचारला होता का तुम्हाला? मी म्हटलं, अगं, कसला ओटीपी, आम्हाला बँकेचा एक निरोप येत नाही. तिने संगणकात बघितलं आणि म्हणाली, नोंदवलेला नंबर तर चालू आहे, हा तुमचाच ना? आणि तिने आकडे वाचले. गोदू, मला माझा स्वतःचा नंबर पाठ नाही, पण तुझा आहे. ती अर्ध्यावर असतानाच मी पुढचे आकडे म्हणून टाकले.

तू? खरं सांगते, पहिला विचार आला तो असा की गोदूला काही अडचण आहे. एकटी राहते, मानी आहे, मागायला तोंड होत नसेल. मला इतकं वाईट वाटलं! मनात म्हटलं, घेऊ दे, तिने वादळात जे केलं त्यापुढे हे काय आहे. यांना काहीतरी थाप मारायची, कुठलीतरी वर्गणी म्हणायची, आणि गप्प बसायचं. पण मग तो उतारा मी पुन्हा हातात घेतला. दोन-दोन महिन्यांच्या अंतराने एकेक ओळ. एक गणपतीच्या आधी. एक दसऱ्याच्या जरा पुढे. एक संक्रांतीच्या सुमाराला, एक होळीच्या आधी. आणि मला लख्ख दिसलं, गुणाजी माडावर चढतो ते हेच दिवस! तो नारळ उतरवतो, मी तुझ्या माडाचे वेगळे काढते, सोलून गोणी भरते, एसटीने तुला पाठवते. आणि गोणी तुझ्या घरी पोचली की दोन-चार दिवसांत इथून पैसे गेलेले.

तुझा माड. आपल्या घरची रीत तुला मी काय सांगणार? लेक सासरी निघाली की वाडीतला एक माड तिचा. त्याचे नारळ ती असेल तिथे जायचे, घरात चटणीलासुद्धा त्यातला फोडायचा नाही. तुझा माड वादळातही वाकला नाही, तुझ्यासारखाच. आणि आमच्या लेकीचा, क्षिप्राचा, तो विहिरीजवळचा, तोही उभा राहिला. तिने तो पाचवीत असतानाच हेरून ठेवला होता, माझं लग्न झालं की हा माझा, म्हणून त्याला खडूने नाव घातलं होतं. मग ती रितेशला घेऊन आली. मुलगा शिकलेला, विळे गावातल्या कारखान्यात चांगल्या नोकरीवर, सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर भातशेतीत चिखल तुडवणारा. मला तो उंबऱ्यातच आवडला होता. पण तुझ्या दादाला त्याची जात आधी दिसली आणि मुलगा नंतर दिसलाच नाही. त्या दिवशी ओटीवर जे झालं ते तुझ्या समोरच झालं. या वाडीतलं सुपारीचं एक खांडसुद्धा तुला मिळणार नाही, असं तो म्हणाला, आणि आपली क्षिप्रा, तुझीच भाची ती, म्हणाली, मागितलं कोणी? दोघांची नाकं एकाच साच्यातली! नंतर मी चोरून फोन करायचे तिला. दोन-तीनदा बोलली, आणि मग म्हणाली, आई, असं लपून नको बोलूस, बाबांना सांगून बोल नाहीतर राहू दे. तिचं सासर माणगावला, ते काय लांब आहे गं? सकाळच्या एसटीने निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं. पण तीन वर्षं झाली, मी त्या एसटीत चढले नाही. तिच्या माडाचे नारळ तुझा दादा घरातच ठेवायचा. मी त्यातला एकही खवला नाही. गुणाजीला देऊन टाकायची, आणि घरात मोदकांना बाजारातून विकतचे आणायची. आपल्या वाडीत नारळांचा ढीग आणि मी पिशवीतून नारळ आणतेय, बघणाऱ्याला वेड लागलंय असंच वाटलं असेल.

ते सगळं त्या क्षणी डोक्यात जुळलं. तू तुझ्या नारळांतला तिचा वाटा काढत होतीस. माड तिला मिळाला नाही म्हणून तुझ्यातलं तिला देत होतीस, आणि नारळांची गोणी घेऊन गेलं तर गावभर होईल म्हणून ही न दिसणारी पाकिटं. बाई गं, काय तुझं डोकं! पण ते डोकं फक्त चांगुलपणाला चालतं, हिशेबाला नाही. वर्गात पोरांचा अर्धा गुण न सोडणारी गणिताची मास्तरीण तू, पण स्वतःचं खातं बघायला कधी तरी जातेस का? आप्पांनी लग्नाआधी लेकीच्या नावाने उघडून दिलेलं तुझं खातं आपल्याच बँकेत. कार्डं एका रंगाची, दोन्ही तुझ्या फोनात एकाखाली एक, आणि ओटीपी दोन्हींचा तुलाच. तू दरवेळी वरचं दाबत गेलीस. तुझे पैसे तुझ्या खात्यात जसेच्या तसे आहेत, जा आणि बघ. तू तुझ्या मनाने तुझ्या गाठचं देत होतीस, आणि प्रत्यक्षात जात होती ती तुझ्या दादाची पेन्शन! ज्याने सुपारीचं खांड देणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच्या खात्यातून सणावाराला लेकीकडे आहेर जात होता. मी तिथे बँकेत हसायला लागले. पूनमला वाटलं, म्हातारीला धक्का बसला.

आणि मग तिने बोट ठेवून ते दाखवलं. म्हणाली, काकू, चोराचं काम वाटत नाही बघा हे. आधीची कार्डं साध्या दुकानांची आहेत, पण पावसाळ्यापासूनची तीन एकाच दुकानाची. हे दुकान मला माहीत आहे, मीसुद्धा तिथूनच मागवते. लहान बाळाचे कपडे असतात तिथे, झबली, टोपडी, दुपटी. चोर कशाला दुपटी घेईल?

मी ती ओळ कितीतरी वेळ बघत राहिले. सलिल अजून बोहल्यावर चढायला तयार नाही, तुझ्या घरात दुपटं कोणाला लागणार? गोदू, माझ्या लेकीला मूल झालं आणि ते मला बँकेच्या उताऱ्यावरून कळलं. तिच्या डोहाळ्यांत तिला काय खावंसं वाटलं मला माहीत नाही. कळा आल्या तेव्हा तिने कोणाचा हात धरला माहीत नाही. तुझा धरला असेल तर बरं वाटेल मला. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी इतका आनंद होत होता की पूनमला मिठी मारावीशी वाटली, आणि मारलीसुद्धा. तुझ्यावर रागवायचं मला सुचलंच नाही. तू मला सांगितलं नाहीस, कारण मला सांगितलं असतं तर मला यांच्यापासून लपवावं लागलं असतं, आणि क्षिप्राला नेमकं तेच नको होतं. हे मला तिथेच कळलं. मी एवढंच मनात म्हटलं की माझी लेक एकटी नव्हती. त्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर तुझी ऋणी आहे.

एवढ्यात तुझा दादा झेरॉक्स घेऊन दारातून आत येताना दिसला. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प राहिले तर तो तक्रार करणार, पोलीस तुझ्या नंबरावरून तुझ्या दारात उभे राहणार. सांगितलं तर त्याने तुझ्याशीही बोलणं टाकलं असतं, आणि क्षिप्रापर्यंत जाणारा उरलासुरला रस्ताही बुजला असता. थाप मारायचं ठरवलं होतं ना मी? पण ते दुपटं डोळ्यांपुढे आलं आणि थाप सुचेचना. तो खुर्चीत बसायच्या आधीच मी म्हणून टाकलं, तक्रार करायची नाही. पैसे गोदूने काढलेत, चुकून. तुमच्या लेकीला पाठवत होती. आणि तुम्ही आजोबा झालात.

तो उभाच राहिला. मग बसला. झेरॉक्सचे कागद मांडीवर ठेवून ते उगाच सरळ करत बसला. मला वाटलं, आता फुटणार. बँकेत माणसं आहेत, निदान घरी जाईपर्यंत थांबा, असं मी म्हणणार, तेवढ्यात त्याने पूनमकडे बघितलं आणि विचारलं, त्या दुकानातले कपडे चांगले असतात का हो? पूनम म्हणाली, हो काका, मऊ असतात, बाळाच्या अंगाला टोचत नाहीत. तो बरं म्हणाला. नुसतं बरं. तिने मग कामाचं विचारलं, की कार्ड बंद करून नवं द्यायचं का, नंबर बदलायचा का, नियमाने बदलायला हवा. तर हा, जो भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडतो तो तुझा दादा, म्हणाला, नंबर बदला, पण कार्ड आठवडाभराने बंद करा. बाळाचं काही मागवायचं राहिलं असेल तर? पूनमने शेवटी त्याला समजावलं की असं करता येत नाही, आता स्वतः पाठवा. तेव्हा कुठे सही केली. म्हणून तुझ्या फोनातलं ते कार्ड आता चालायचं नाही. घाबरू नकोस, कोणी चोरलेलं नाही.

आम्ही घरी आलो. दुपारी गुणाजी झावळ्या उतरवायला आला तर त्याला ओटीवर बोलावलं आणि सरळ विचारलं, तुझ्या बहिणीचं सासर माणगावकडे ना, आमच्या क्षिप्राचं काही कानावर आलं का? गुणाजी माझ्याकडे बघतो, त्याच्याकडे बघतो. मग म्हणाला, व्हय, मुलगी हाय. नागपंचमीच्या दिवशी बारसं झालं. आमाला समद्यांना ठावं हाय, पन गोदूताईंनी बल्लाळेश्वराची शपथ घातली हुती, काय करनार? वा गं वा! अख्ख्या गावाला शपथा घालत फिरलीस, आणि इथे येऊन माझ्या हातची आंबोळी खाताना तोंडावर रेष नाही हलली तुझी. गुणाजी नावही सांगायला निघाला होता, मी त्याला थांबवलं. तूही सांगू नकोस. ते मला क्षिप्राच्या तोंडून ऐकायचंय.

चिडला का तुझ्यावर, विचारशील. चिडला की. संध्याकाळी सुपारी गोळा करता करता बराच वेळ धुसफुसत होता, माझ्या पाठीमागे, माझ्याच खात्यातून, सख्खी बहीण असून. मग आपणच थांबला आणि म्हणाला, तिने केलं म्हणून झालं, माझ्याने झालं नसतं. जेवताना विचारलं, पंचमीला बारसं म्हणजे आता केवढी असेल? मी म्हटलं, मान धरली असेल, कुशीवर वळायला बघत असेल. तो हातातला घास तसाच धरून बसला. गोदू, मी लग्न होऊन आल्यापासून या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं. वाडी आडवी झाली तेव्हासुद्धा नाही.

आता पत्राचं कारण. पैसे परत करायचं नाव काढलंस तर मी पुन्हा तुझ्याशी बोलायची नाही, तो विषय संपला. तुझ्या दादाने मला सांगितलंय की गोदूला लिही, आणि सकाळपासून तीनदा येऊन झालं का म्हणून विचारून गेलाय. त्याचं म्हणणं असं, की क्षिप्राला सगळं खरं सांगायचं. पाकिटं बाबांच्या खात्यातून आली, पण बाबांनी दिली नव्हती, त्यांना माहीतही नव्हतं. त्याचं श्रेय त्यांना नको. पण आता माहीत झालंय, आणि आता त्यांना स्वतः यायचंय. तिने नको म्हटलं तर तसं कळव, आम्ही येणार नाही आणि तिच्यावर रागावणारही नाही. पण हो म्हणाली, तर येत्या रविवारी तू ताम्हिणी घाटातून येणारी सकाळची गाडी धर आणि माणगावच्या स्टँडवर उतर, आम्ही तिथे थांबतो. तू पुढे असशील तरच तो येईन म्हणतो. आयुष्यभर आपल्या सगळ्यांच्या पुढे चालला तो, आणि आता म्हणतो, दार गोदूने वाजवावं, माझ्याने हात उचलवणार नाही. बोलायला गेला तर आवाज फुटेल असंही मला दिसत नाही. म्हणून त्याच्या वतीने हेही तूच कर. दार उघडलं की एवढंच म्हण, क्षिप्रा, बाबा आलेत. मग बाजूला हो आणि तिला त्याच्याकडे बघू दे.

तुझीच,
सुचिता वहिनी